विश्वास, प्रार्थना आणि घरातली दुखणी: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस वर्षं मी इस्पितळात नर्स होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या लोकांच्या, घरभेटींना जाते. एक गीत, शास्त्रवाचन, प्रार्थना, मग चहा. सगळं आटोपून आम्ही दाराशी चपला घालत असताना घरातली बाई हळूच म्हणते, "सिस्टर, एक विचारू का?" खरा प्रश्न तेव्हा येतो. खालचे प्रश्न असेच दाराशी ऐकलेले आहेत. कोणाचं घर ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. मी पाळक नाही. इतकी वर्षं आजारी माणसं पाहून आणि शास्त्र वाचून जे समजलं, ते सांगते.

रोज प्रार्थना करते, तरी रात्री छातीत धडधडतं, झोप लागत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून पहिला घेतला. "विश्वास कमी पडला" हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं, की मला त्याचा राग येतो. जिला आधीच श्वास पुरत नाही, तिच्या छातीवर आपण आणखी एक धोंडा ठेवतो.

बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकाचा अध्याय १९ काढून वाचा. एलीया संदेष्ट्याने नुकताच कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांदेखत अग्नी उतरलेला पाहिला होता. लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हाच माणूस रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला बोल लावला नाही. झोपू दिलं. दूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला, तर पुन्हा उठवून खायला घातलं. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर आला, चाळीस दिवस चालून होरेबला पोहोचल्यावर. आधी झोप, आधी जेवण, बोलणं नंतर. वॉर्डात आम्हीही याच क्रमाने काम करायचो.

"कशाविषयीही चिंता करू नका" हे फिलिप्पैकरांच्या पत्रातलं वचन लोक अशा वेळी तोंडावर फेकतात. ते लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बंदिवासात होता. आणि हाच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अध्याय ११ मध्ये, सगळ्या मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज असते असं उघड सांगतो.

आता नर्स म्हणून. धडधड होत असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब आणि ईसीजी पाहून घ्या. पांडुरोग, म्हणजे अंगात रक्त कमी असणं, आणि थायरॉइड या दोन्हींत छाती धडधडते, आणि आपल्या बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. तिथे काही सापडलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या घेणं म्हणजे देवावर भरवसा नसणं ना?

साखरेच्या गोळीबद्दल तुम्ही असं विचारत नाही. चष्म्याबद्दलही नाही. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला तोच सांगतो, म्हणजे त्या काळचं औषधच.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरं वाटायला लागलं म्हणून एकदम बंदही करू नका. डोस हळूहळू डॉक्टरच कमी करतात.

एका सभेत "तू बरा झालास" असं ऐकल्यावर फिट्सच्या गोळ्या थांबवलेल्या एका मुलाला मध्यरात्री आमच्या वॉर्डात आणलं होतं. त्याच्या आईचा चेहरा मी विसरू शकत नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी आले, तेव्हा येशूने त्यांना याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं. रोग गेला की नाही हे तपासून ठरवणं तेव्हा याजकाचं काम होतं. आज ते काम डॉक्टर करतात. प्रार्थनेने बरं वाटलं, आनंद आहे. रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर सांगतील तेव्हाच गोळी थांबवा.

आम्ही उपास धरला, रात्रभर प्रार्थना केली, तरी आमचं माणूस गेलं. देवाने ऐकलंच नाही का?

याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते आहे असं सांगणाऱ्यापासून मी लांब राहते. शास्त्रात मात्र आपल्याला सोबत आहे, एवढं ठामपणे सांगते. पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. गेथशेमाने बागेत स्वतः येशूने दुःखाचा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली, प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असं आपल्यापैकी कोण म्हणेल?

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मला अशा वेळी आठवतं. आपण त्यांना केडगावच्या मुक्ती मिशनमुळे ओळखतो, पण त्या किती घरं रिकामी होताना पाहत आल्या ते विसरतो. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ मध्ये ते पटकीने गेले, तेव्हा मनोरमा तान्ही होती. पुढे हीच मनोरमा मुक्तीच्या कामात आईचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये तीही आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, साध्या बायकांना वाचता यावं अशा मराठीत. लेक गेल्यावर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनीही डोळे मिटले. तोवर ते काम त्यांनी पुरं केलं होतं. त्यांना "का" याचं उत्तर मिळालं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या रोज सकाळी उठून त्या पानांपाशी बसत राहिल्या, मला तेवढं पुरतं.

यिर्मया २९:११ आपल्या अर्ध्या घरांत भिंतीवर असतं, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत हे वचन. त्याच्या वरची ओळही वाचा. तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना ते पत्र होतं. घरं बांधा, मळे लावा, तिथलं पीक खा, असं त्यात म्हटलं आहे. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण परतीच्या आधीच त्या परक्या मातीत गेले असतील. हे वाचल्यावर वचन हलकं होत नाही, जड होतं. दुःखात हातात धरायला मला जडच वचन लागतं.

आता प्रार्थनाच होत नाही. शब्द सुचत नाहीत, गुडघे टेकले की नुसतं रडू येतं.

मग रडा. रोमकरांच्या पत्रात, आठव्या अध्यायात आहे की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. तुमचं कण्हणंही प्रार्थनाच धरलं जातं.

शब्द हवेच असतील तर उसने घ्या. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा, मग ४२, मग ८८. हे ८८ वं स्तोत्र तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया नाही. ते स्तोत्रसंहितेत ठेवलेलं आहे याचा मला फार आधार वाटतो. तुम्ही कॅथलिक असाल तर माळेचे मणी बोटांतून सरकू द्या, ओठ हलले नाहीत तरी चालेल.

नवरा मारतो. सांगितलं तर म्हणतात, क्षमा कर, शास्त्राप्रमाणे अधीन राहा, तो बदलेल. मी काय करू?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. बाकी सगळं नंतर. मार पडत असेल तर ११२ लावा. सल्ल्यासाठी आणि आसऱ्यासाठी महिलांचा १८१ आहे. कागदपत्रं, थोडे पैसे आणि मुलांचे दाखले एका पिशवीत घालून विश्वासू माणसाच्या घरी ठेवा. जखम झाली तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कशाने झाली ते खरं सांगा. "न्हाणीघरात पडले" असं केसपेपरवर लिहून घेऊ नका. तो कागद पुढे उपयोगी पडतो. किती बायका माझ्यासमोर पडल्या म्हणाल्या आणि मी त्यांच्या दंडावरच्या पाच बोटांवर मलम लावलं.

आता अधीनतेचं. इफिसकरांच्या पाचव्या अध्यायातलं २२ वं वचन सगळ्यांना पाठ असतं. २१ वं कोणी वाचत नाही, त्यात एकमेकांच्या अधीन राहा असं आहे. आणि २५ व्या वचनात नवऱ्याला सांगितलं आहे की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती कर. हात उगारणाऱ्याने तो करार आधीच मोडलेला असतो. जो पाळक हे तुला सांगतो पण त्याला सांगत नाही, त्याने अर्धंच शास्त्र वाचलं आहे.

क्षमा करणं आणि त्याच खोलीत परत जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तू दहा किलोमीटर लांब राहूनही करू शकतेस, तीही तुझ्या वेळेला. खरा पश्चात्ताप दिसतो तो वागण्यात, महिनोन्‌महिने. रविवारी रडून सोमवारी हात उगारला, तर तो पश्चात्ताप नव्हता.

कायद्यातलं थोडं माहीत असू दे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तुझा राहण्याचा हक्क त्यात आहे, आणि तक्रार नोंदवून घ्यायला संरक्षण अधिकारी असतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ख्रिस्ती घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्यात २००१ मध्ये बदल झाला, त्यानंतर नुसत्या क्रूरतेवरही बायकोला अर्ज करता येतो. कॅथलिक बहिणींनी हे लक्षात ठेवावं की जोडीदारापासून जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्या कायद्यातच आहे, कॅनन ११५३. फादरना हा आकडा सांगा.

घरात दारू आहे. त्यांनी वेदीपुढे शपथ घेतली, तरी सुटत नाही.

शपथ खोटी होती असं समजू नका. ती घेताना त्यांचं मन खरंच भरून आलेलं असतं. पण व्यसन हा आजार आहे आणि आजार शपथेने उतरत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एका रात्रीत दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवायची. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करत आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा फुकट असतात, बऱ्याच ठिकाणी चर्चच्या हॉलमध्येच भरतात. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तिथे तुम्ही जा, ते येवोत किंवा न येवोत.

त्यांची उधारी फेडू नका, आणि कामावर "ताप आलाय" म्हणून फोन करू नका. हे करताना निर्दयी झाल्यासारखं वाटतं, मला ठाऊक आहे.

कर्जाचे हप्ते थकलेत. सांगतात, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग चर्चला, दिला नाही म्हणून हे संकट आलं. आधी दशांश द्यावा का?

आधी घरातली औषधं, मुलांची फी, पोटाला अन्न. आई-वडिलांना द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात चांगलंच सुनावलं आहे. दान कुरकुरत किंवा जबरदस्तीने देऊ नये, असं पौलही करिंथकरांना लिहितो. संकटात असलेल्या घराला मंडळीने द्यायचं असतं. प्रेषितांच्या पुस्तकात पहिली मंडळी तेच करत होती. सावकाराकडून किंवा मोबाइलच्या ॲपवरून नवं कर्ज काढून दानपेटीत घालू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

मुलीने दुसऱ्या धर्मातला मुलगा निवडला आहे. तिला घराबाहेर काढावं, की नातं तोडावं?

दोन्ही नको. लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट उलट बाजूने बघा. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या आपल्या माणसांत, नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. नंतर नगरला एकत्र आल्या, तेव्हाही स्वतःचं सोवळं सांभाळत होत्या. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. कोणी ओढून नेलं असतं तर त्या माणूस म्हणून तुटल्या असत्या, असं मला वाटतं.

तुमच्या मुलीशी बोला. मुलाला घरी जेवायला बोलवा. मुलं झाली तर त्यांना काय शिकवणार, सण कसे करणार, सासरचे चर्चला जाऊ देतील का, हे प्रश्न त्या दोघांना लग्नाआधी शांतपणे विचारा. तुमचा अनुभव इथे कामी येतो. धर्म न बदलता लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कॅथलिकांना चर्चमध्ये विधी करायचा तर बिशपांची सूट घ्यावी लागते, त्यासाठी फादरना लवकर भेटा. आणि दुःख झालं तर ते मुलीला दिसलं तरी चालेल. दार मात्र लावू नका.

जगू नये असं वाटतं. हे कोणाला सांगायला भीती वाटते, पाप आहे म्हणून.

आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, एका माणसाला सांगा. शब्द एवढेच: "मला मरावंसं वाटतंय, माझ्याजवळ थांब." मग १४४१६ लावा, किंवा जवळच्या इस्पितळात जा. घरात फवारणीचं औषध असेल, गोळ्यांचा साठा असेल, तर तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या. तो विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतो, आणि त्या लाटेत हाताशी काही नसणं हे जीव वाचवतं. मी हे वॉर्डात पाहिलं आहे.

मरण मागितलं म्हणून देवाने कोणाला टाकलं नाही. मोशेने मागितलं, एलीयाने मागितलं, योनाने मागितलं, ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. तुम्ही चांगल्या माणसांच्या पंक्तीत बसला आहात. पोलिसांची भीती वाटत असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला आधार आणि उपचार द्यायला सांगतो.

ज्यांच्या घरात हे घडून गेलं आहे, ते मला वेगळंच विचारतात: "तो नरकात गेला का?" कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की मनाचा गंभीर आजार आणि यातना माणसाची जबाबदारी कमी करतात, अशांच्या तारणाची आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. मी प्रोटेस्टंट आहे, पण ही ओळ मी कितीतरी घरांत सांगितली आहे.

मन मोकळं केलं आणि आठवड्यात ते सगळ्या मंडळीला कळलं. आता कोणाजवळ बोलू?

"प्रार्थनेसाठी सांगते हं" म्हणत आपण दुसऱ्यांची लक्तरं वेशीवर टांगतो. माझ्या बाबतीतही हे झालं आहे आणि ते अजून दुखतं. त्या व्यक्तीजवळ जाऊन एकदा सरळ सांगा, मत्तय १८ मध्ये तसंच सांगितलं आहे, आधी दोघांतच. पुढे कोणाजवळ बोलायचं ते ठरवताना एक पाहा: ही व्यक्ती माझ्याजवळ इतरांचं काय सांगते? फादरजवळ पापनिवेदन करत असाल तर ती गुप्तता त्यांना कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. ती सोय आमच्याकडे नाही, म्हणून आमच्या पाळकांनी आणि वडीलमंडळींनी तोंड जास्त सांभाळायला हवं. मंडळीबाहेरचा समुपदेशक गाठण्यात कमीपणा मानू नका.

मालक जाऊन चार महिने झाले. लोक म्हणतात, ते प्रभूजवळ आहेत, आता रडू नये. मला थांबवता येत नाही.

माझे यजमान गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मला एकीने सांगितलं, रडू नकोस, साक्ष बिघडते. मी तोंडात पदराचा बोळा घालून न्हाणीघरात रडत होते. आजही ते वाक्य आठवलं की घसा दाटतो. मेलेल्या लाजरला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या बहिणीला रडताना पाहून तो रडला. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडायचं नाही, असा नियम त्याने तरी पाळला नाही.

दुःखाला चार महिने म्हणजे काहीच नाही. झोप, जेवण, औषधं यांच्यावर लक्ष ठेवा. आंघोळ करायलाही उठवेना, असे कित्येक आठवडे गेले तर डॉक्टरांना दाखवा. बाकी रडू येईल तेव्हा येऊ द्या. त्यांचा शर्ट कपाटात ठेवायचा असेल तर ठेवा, वर्ष झालं तरी.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांना. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा बिघडलं. महिन्याची प्रार्थनासभा झाली की आपलं जाणं-येणं थांबतं, त्या घराला खरी गरज तेव्हा लागते. माझ्याकडे एक शेजारीण दर गुरुवारी यायची, भाजी निवडायची, फारसं बोलायची नाही. पहिल्या नाताळला तिने तिच्या मुलाला पाठवलं. दारावर चांदणी लावताना दरवर्षी यजमान वर चढायचे आणि मी स्टूल धरायची. त्या वर्षी तो मुलगा वर चढला, मी स्टूल धरलं.